धैंचा, शेवरी की रोस्ट्राटा? एक गुंठ्यात स्वतः तुलना कशी करावी

धैंचा म्हणजे कोवळा असतानाच जमिनीत गाडून हिरवळीचं खत करायचं पीक. मे संपत आला की कृषी सेवा केंद्रात त्याच्या पिशव्या येतात. पिशवीवर 'धैंचा' एवढंच छापलेलं असतं. आत काय आहे हे बी हातात घेऊन सांगणं अवघड, कारण धैंच्याच्या वंशातल्या बऱ्याच प्रजातींचं बी सारखंच दिसतं: लांबट, गुळगुळीत, हिरवट तपकिरी. पेरल्यावर वीस दिवस सगळी रोपं एकमेकांची जुळी भावंडं वाटतात. पंचेचाळिसाव्या दिवशी मात्र एक खोड विळ्याला लोण्यासारखं लागतं आणि दुसरं काठीसारखं वाजतं. त्या दिवशी रोटाव्हेटर घालणाऱ्याला फरक बरोबर कळतो, पण तेव्हा निवड हातातून गेलेली असते.

हा फरक आधीच कळावा यासाठी लहानसा प्रयोग कसा घालावा, कोणती लक्षणं मोजावीत आणि आकड्यांतून काय समजून घ्यावं, ते इथे क्रमाने लिहितो आहे. कृषी पदवीच्या 'रावे'साठी, म्हणजे ग्रामीण कार्यानुभवासाठी, गावात आलेली मुलं आणि हिरवळीच्या खताचं पीक पहिल्यांदाच घेणारे शेतकरी माझ्या डोळ्यासमोर आहेत. लागणारं सामान साधं आहे: एक गुंठा जागा, मोजपट्टी, टाचणवही, दोरी, खुणेच्या काठ्या, तोलकाटा आणि अडीच महिन्यांची चिकाटी.

आधी ओळख करून घ्या

ही सगळी मंडळी सेस्बानिया या वंशातली. शेंगवर्गीय, झपाट्याने वाढणारी, मुळांवर गाठी धरून हवेतला नत्र वापरणारी. आपल्याकडे भेटणाऱ्या मुख्य प्रजाती मोजक्याच आहेत आणि त्यांच्या लॅटिन नावांतच ओळखीची खूण दडलेली आहे.

पहिला आपला नेहमीचा धैंचा, सेस्बानिया बायस्पिनोसा. जुन्या पुस्तकांत तो 'अॅक्युलिआटा' म्हणून सापडेल. अॅक्युलिआटा म्हणजे काटेरी. खोडावर आणि पानाच्या मधल्या दांड्यावर विरळ, मऊसर काटे असतात. नजरेला ते चटकन दिसत नाहीत. अंगठा खालून वर फिरवला की लागतात. याचा अगदी जवळचा भाऊ कॅनाबिना. त्याला बहुधा काटे नसतात आणि बाजारात दोन्ही एकाच नावाने विकले जातात. म्हणून पिशवीवरच्या नावावर भरवसा ठेवण्याआधी अंगठा फिरवून पाहायचा.

दुसरी सेस्बानिया रोस्ट्राटा. रोस्ट्राटा म्हणजे चोच असलेली, कारण शेंगेच्या टोकाला लांब चोच असते. हिचं मूळ घर आफ्रिकेत. हिच्याबद्दल पुढे सविस्तर बोलू, कारण हिच्या खोडावरसुद्धा गाठी येतात आणि सगळा खेळच बदलतो.

तिसरी शेवरी, सेस्बानिया सेस्बान. पानमळ्यात वेलीला आधार म्हणून लावलेली पाहिली असेल. ही काही वर्षं टिकणारं लहान झाड होते, खोड बिनकाट्याचं, शेंग बारीक आणि किंचित पिळलेली.

चौथा हादगा, सेस्बानिया ग्रँडिफ्लोरा. नावाप्रमाणे मोठ्या फुलाचा. पांढरी किंवा लाल, बोटाएवढी लांब, होडीसारखी फुलं, ज्यांची आपण भाजी आणि भजी करतो. हस्त नक्षत्रात हत्तीभोवती फेर धरून मुली जो खेळ खेळतात, त्याला भोंडल्याबरोबरच हादगा असंही म्हणतात. तर हा हादगाही धैंच्याचा सख्खा नातेवाईक. पण तो झाड आहे. त्याला पंचेचाळीस दिवसांच्या शर्यतीत उभं करणं अन्यायाचं. बांधावर तीन रोपं लावा, पानं शेजारी ठेवून पाहा, प्रयोगाच्या वाफ्यात घेऊ नका.

त्याच्या जागी चौथं पीक म्हणून ताग, म्हणजे बोरू, घ्या. तो या वंशातला नाही. पण आपल्या भागात प्रत्येकाने कधी ना कधी ताग गाडलेला असतो, त्यामुळे 'तागाच्या मानाने किती' हे वाक्य शेजाऱ्याला लगेच समजतं. तुलनेला असं ओळखीचं एक पीक असलंच पाहिजे.

पहिली पायरी: बी तपासा, मोजा, जागं करा

प्रत्येक बियाण्यातले १०० दाणे मोजून वजन करा आणि दहाने गुणा. हे हजार दाण्यांचं वजन. धैंच्याचं साधारण १५ ते २० ग्रॅम भरतं, तागाचं त्याच्या जवळपास दुप्पट, आणि हादग्याचं बीही धैंच्याच्या दुपटीहून जड निघतं. घरातल्या काट्यावर १०० दाणे तोलले जात नसतील तर सोनाराकडे जा, दोन मिनिटांचं काम आहे.

हे वजन कळल्याशिवाय पुढे जायचं नाही. कारण तुलना सारख्या वजनाच्या बियाण्यावर केली, तर लहान दाण्याच्या पिकाची रोपं जास्त होतात आणि मग दिसणारा फरक प्रजातीचा की दाटीचा, हे कधीच सांगता येत नाही. तुलना सारख्या रोपसंख्येवर करायची.

आता बी जागं करणं. सेस्बानियाच्या बियांचं कवच कठीण असतं, पाणी आत शिरत नाही. रोस्ट्राटाचं तर फारच. पहिल्या वर्षी मी ते तसंच पेरलं होतं. दहा दिवसांत तुरळक रोपं वर आली, बाकीची पुढचे तीन आठवडे आपल्या सवडीने उगवत राहिली. एकाच ओळीत आठ पानांचं रोप आणि शेजारी नुकती फुटलेली दोन दलं. त्या वाफ्यातला एकही आकडा वापरता आला नाही. वय सारखं नसेल तर मोजण्यात अर्थ राहत नाही.

प्रयोगशाळेत यासाठी तीव्र गंधकाम्ल वापरतात. घरी त्याच्या वाटेला जाऊ नका, गरम पाणी पुरतं. पाणी उकळा, खाली उतरवा, चारपाच मिनिटं थांबा, मग त्यात बी टाका आणि तसंच रात्रभर थंड होऊ द्या. सकाळी फुगलेले दाणे वेगळे ओळखू येतात. आधी फक्त १०० दाण्यांवर करून ओल्या गोणपाटात गुंडाळून पाच दिवस ठेवा. किती उगवले ते लिहा. सत्तरच्या पुढे आले तर बाकीचं बी याच रीतीने भिजवा. कमी आले तर भिजवण्याआधी बी वाळूबरोबर कापडात हलकेच चोळा. तागाला यातलं काहीच लागत नाही.

दुसरी पायरी: वाफे आखा आणि चिठ्ठ्या टाका

एक गुंठा म्हणजे साधारण १०१ चौरस मीटर, ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद. त्यात २ मीटर रुंद आणि ३ मीटर लांब असे बारा वाफे बसतात: चार पिकं, प्रत्येकाचे तीन वाफे. चार-चार वाफ्यांचे तीन पट्टे करा. वाफ्यांमध्ये सव्वा फुटाची आणि पट्ट्यांमध्ये दीड फुटाची वाट ठेवा.

पट्टे कुठल्या दिशेने आखायचे, हे जमीन पाहून ठरवा. उतार असेल तर प्रत्येक पट्टा उताराला आडवा असावा, म्हणजे पट्ट्याच्या आतली जमीन एकसारखी राहते. मग प्रत्येक पट्ट्यासाठी चार चिठ्ठ्या करून लहान मुलाला उचलायला सांगा. जी चिठ्ठी आधी निघेल ते पीक पहिल्या वाफ्यात. तीनही पट्ट्यांसाठी चिठ्ठ्या नव्याने. आपल्या मनाने 'धैंचा इकडे बरा दिसेल' असं ठरवलं, तर आपला आवडता नकळत विहिरीजवळच्या ओल्या कोपऱ्यात जातो. माणसाचं मन तसं चालतंच, म्हणून चिठ्ठ्या.

ओळी ३० सेंटिमीटरवर काढा. एका वाफ्यात सहा ओळी येतात. बी दोन ते तीन सेंटिमीटर खोल, दाट टोका आणि बाराव्या दिवशी विरळणी करून रोपं ५ सेंटिमीटरवर ठेवा. म्हणजे चौरस मीटरला साधारण ६६ रोपं. प्रत्यक्ष शेतात हेक्टरी ५० किलो धैंचा फोकून टाकला, तर हिशेबाने चौरस मीटरला ३०० च्या आसपास दाणे पडतात. तिथली रोपं बारीक आणि सरळ होतात. आपला प्रयोग त्याहून विरळ आहे, कारण इथे प्रत्येक रोप ओळखून मोजायचं आहे. आलेलं वजन शेतातल्या वजनाशी थेट लावताना एवढं लक्षात ठेवा.

बी फार लागत नाही. एका वाफ्यात ३६० रोपं, दुप्पट दाणे टाकले तरी तीन वाफ्यांना दोन हजारांहून थोडे जास्त. धैंचा, शेवरी आणि रोस्ट्राटा प्रत्येकी ५० ग्रॅम, ताग १०० ग्रॅम, एवढ्यात भागतं.

पेरणी कधी करायची, याला फार महत्त्व आहे

इथे थोडं थांबून सांगतो, कारण नवख्यांचे बहुतेक प्रयोग याच जागी फसतात.

सेस्बानियाच्या गाडण्याजोग्या प्रजाती दिवसाच्या लांबीकडे लक्ष ठेवून फुलतात, आणि रोस्ट्राटा त्यात सगळ्यांत हळवी. दिवस लहान होऊ लागले की ती वाढ सोडून फुलाच्या मागे लागते. पुण्याच्या अक्षांशावर जूनच्या उत्तरार्धातला दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास असतो आणि डिसेंबरच्या उत्तरार्धात तो अकरा तासांवर येतो. फरक दोन तासांचाच. झाडाला तो पुरतो. मेअखेर किंवा मृगाच्या पावसावर पेरलेली रोस्ट्राटा पानांवर पानं काढत उंच जाते. तीच सप्टेंबरमध्ये पेरली तर गुडघ्याएवढी असतानाच कळ्या धरते.

म्हणून एका हंगामातला निष्कर्ष दुसऱ्या हंगामाला लावायचा नाही. रब्बी कांद्याच्या आधी गाडायला पीक हवं असेल, तर तुलनाही त्याच दिवसांत करायला हवी. जूनमध्ये पहिली आलेली प्रजाती सप्टेंबरमध्ये शेवटची येऊ शकते. वहीच्या पहिल्या पानावर पेरणीची तारीख, पाऊस की पाणी दिलं, आणि आधीचं पीक कोणतं, हे ठळक लिहून ठेवा.

तिसरी पायरी: रोज न मोजता ठरलेल्या दिवशी मोजा

पंधरावा दिवस, तिसावा दिवस, पंचेचाळिसावा दिवस. हे तीन दिवस पंचांगावर लाल करून ठेवा. वाफ्याच्या चारही कडांची रोपं मोजणीत घ्यायची नाहीत. त्यांना उजेड जास्त मिळतो, ती जाड आणि फांद्याळ होतात आणि सरासरी फसवतात. मधल्या चार ओळींतली पाच रोपं पंधराव्या दिवशी निवडा, लोकरीचा धागा बांधा आणि शेवटपर्यंत तीच मोजा. निवडतानाही देखणी रोपं वेचू नका. ओळीतलं प्रत्येक दहावं रोप असं काहीतरी ठरवून घ्या.

पंधराव्या दिवशी फक्त एका मीटर ओळीतली रोपं मोजा. विरळणीनंतर वीस उरायला हवीत. कुठे चौदा असतील तर ते लिहा, नंतर वजन कमी आलं की कारण सापडेल.

तिसाव्या आणि पंचेचाळिसाव्या दिवशी या नोंदी घ्या. उंची जमिनीपासून शेंड्याच्या कळीपर्यंत, वरच्या पानाच्या टोकापर्यंत नव्हे, कारण संध्याकाळी या झाडांची पानं मिटतात आणि सकाळ-संध्याकाळच्या मापांत फरक पडतो. खोडाची जाडी जमिनीपासून १० सेंटिमीटरवर. व्हर्नियर नसेल तर दोरा गुंडाळून घेर मोजा आणि ३.१४ ने भागा. फांद्या किती, पहिली फांदी किती उंचीवरून फुटली. मधल्या एका पूर्ण पानाची लांबी आणि त्यावरच्या पर्णिकांच्या, म्हणजे दांड्यावरच्या लहान पानांच्या, जोड्या. धैंच्यात या जोड्या वीसपासून चाळिसाच्या पुढेही जातात आणि पर्णिका अरुंद असतात. शेवरीत जोड्या कमी. हादग्यात पर्णिका लांब-रुंद, जवळजवळ बोटाच्या पेराएवढ्या. बांधावरची ती तीन रोपं इथे कामाला येतात.

पहिलं फूल कोणत्या तारखेला उमललं आणि वाफ्यातली निम्मी रोपं कधी फुलली, या दोन तारखा मात्र येताजाता पाहून लिहायच्या. फूल उमललं की वरच्या मोठ्या पाकळीची पाठ पाहा. पिवळ्यावर जांभळट-तपकिरी ठिपके किंवा रेघा असतात, त्यांचं चित्र प्रत्येक प्रजातीत थोडं वेगळं. मोबाइलवर फोटो काढताना शेजारी पट्टी धरा.

पिवळ्या फुलपाखरांच्या हिरव्या अळ्या या झाडांवर हमखास येतात. त्या कोणत्या वाफ्यात जास्त आल्या हेही लिहून ठेवा, तीसुद्धा तुलनाच आहे. प्रयोग चालू असताना एकाच वाफ्यावर फवारणी करू नका. करायची तर सगळ्यांवर.

चौथी पायरी: गाठी पाहा

मला या कामातला सर्वांत आवडणारा दिवस हा.

तिसाव्या दिवशी, खूण न केलेली तीन रोपं प्रत्येक वाफ्यातून घ्या. ओढून उपटू नका, गाठी मातीतच राहतात. आदल्या संध्याकाळी जमीन भिजवा, सकाळी रोपाभोवती वीतभर अंतर ठेवून कुदळीने ढेकळासकट काढा आणि पाण्याच्या बादलीत तासभर बुडवून ठेवा. माती आपोआप सुटते. मग मुळं पांढऱ्या ताटात पसरा.

गाठी मोजा, पण तिथेच थांबू नका. दहा गाठी नखाने किंवा ब्लेडने कापा. आतून गुलाबी-लाल असेल तर गाठ काम करते आहे. तो रंग लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचा वनस्पतीतला नातलग, जो जिवाणूंना बेताचाच प्राणवायू पुरवतो. आतून हिरवट किंवा तपकिरी निघाली तर ती थकलेली गाठ. कोवळी, आतून पांढरी गाठ अजून कामाला लागलेली नसते. शंभर पांढऱ्या गाठींपेक्षा तीस लाल गाठी चांगल्या, म्हणून वहीत 'एकूण' आणि 'दहांपैकी लाल' असे दोन रकाने हवेत.

एक घोटाळा टाळा. सूत्रकृमींमुळेही मुळं फुगतात. जिवाणूंची गाठ मुळाला बाजूने चिकटलेली असते, बोटाने चोळली की सुटते. सूत्रकृमीची गाठ म्हणजे मुळाचंच फुगलेलं अंग, ती सुटत नाही.

आता रोस्ट्राटा. तिच्या खोडावर उभ्या ओळींत बारीक ठिपके दिसतात. ते प्रत्यक्षात निजलेल्या मुळांचे कोंब आहेत. योग्य जिवाणू तिथे पोचला की त्या ठिपक्याची गाठ बनते, खोडावर मण्यांच्या माळा लावल्यासारखी. गाठ बाहेरून हिरवी असते, म्हणजे ती प्रकाशात स्वतः अन्नही बनवते, आणि आतून लाल. हा जिवाणू सेनेगलमध्ये ड्रेफस आणि डोमर्ग या संशोधकांनी अभ्यासला. त्यांचं काम १९८१ मध्ये प्रसिद्ध झालं आणि १९८८ मध्ये जिवाणूला अॅझोरायझोबियम कॉलिनोडन्स हे नाव मिळालं. कॉलिनोडन्स म्हणजे खोडावर गाठी करणारा.

शेतकऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ मोठा आहे. पाणी साचलं की मुळांवरच्या गाठींना प्राणवायू मिळेनासा होतो. खोडावरच्या गाठी पाण्याच्या वर असतात, त्यांचं काम चालू राहतं. भाताच्या खाचरात म्हणूनच रोस्ट्राटाचा एवढा बोलबाला झाला.

मात्र जिथे हे पीक आधी कधी घेतलेलं नाही, तिथे खोडावर गाठी येतीलच असं नाही. ठिपके रिकामे राहतात. चौथ्या आठवड्यात संवर्धक (या जिवाणूचं तयार खत) पाण्यात कालवून संध्याकाळी खोडावर फवारावा. संवर्धक मिळाला नाही तर दुसऱ्याच्या शेतातल्या ताज्या खोडगाठी ठेचून, पाण्यात कालवून, गाळून फवारता येतात. एका वाफ्यात फवारणी आणि एकात नाही, असं चुकूनही करू नका. तीनही वाफ्यांत करा. मग दहा सेंटिमीटर खोडावर किती गाठी आल्या ते मोजा.

पाचवी पायरी: पंचेचाळिसाव्या दिवशीची कापणी

उंची हे या पिकांचं सर्वांत फसवं लक्षण आहे. बांधावरून पाहणारा प्रत्येक जण उंच वाफ्याकडे बोट दाखवतो. उंचीबरोबर काष्ठही वाढतं, आणि काष्ठ जमिनीत लवकर कुजत नाही. उलट कुजवणारे जिवाणू ते पचवताना जमिनीतलाच नत्र काही काळ ओढून घेतात. आपल्याला हवं आहे कोवळं, पानाळ, नत्राने भरलेलं वजन, आणि तेही गाडण्याच्या दिवशी. तीन महिन्यांनंतर झाड किती भव्य होतं याच्याशी हिरवळीच्या खताला देणंघेणं नाही.

मधल्या चार ओळींची रुंदी १.२ मीटर होते. त्यांत ८३ सेंटिमीटर लांबीची दोरी धरली की एक चौरस मीटर झाला. वाफ्याच्या टोकापासून अर्धा मीटर सोडून, धागे बांधलेली आणि गाठींसाठी खणलेली जागा टाळून तेवढं जमिनीलगत कापा. सकाळचं दव उडाल्यावर कापा आणि लगेच तोला. तासाभरात पानं सुकतात आणि आकडा घसरतो. चारही पिकं त्याच सकाळी कापून झाली पाहिजेत.

मग दोन ढीग करा: पानं आणि कोवळे शेंडे एकीकडे, खोडं दुसरीकडे. दोन्ही वेगळे तोला. पानांच्या वजनाला खोडाच्या वजनाने भागलं की जो आकडा येतो, तो माझ्या लेखी या सगळ्या वहीतला सर्वांत मोलाचा. तो जितका मोठा, तितकं पीक लवकर कुजणार आणि नत्र लवकर देणार.

प्रत्येक ढिगातलं २५० ग्रॅम बारीक चिरून कागदी पिशवीत भरा. ओव्हन मिळाला तर ६५ ते ७० अंशांवर, नाहीतर कडक उन्हात पत्र्यावर वाळवा. रोज तोला. दोन दिवस वजन सारखं आलं की वाळलं. पावसाळ्यात हे अवघड जातं, तेव्हा जवळच्या कृषी महाविद्यालयात विचारून पाहा.

हिशेब असा. समजा एका वाफ्यात चौरस मीटरला २.२ किलो ओला पाला आला. एका चौरस मीटरचा एक किलो म्हणजे हेक्टरी दहा टन, एकरी साधारण चार टन. तेव्हा हे झाले हेक्टरी २२ टन. वाळल्यावर पाचवा हिस्सा उरला तर ४.४ टन कोरडा भाग. या पिकांच्या कोरड्या भागात नत्र साधारण अडीच ते साडेतीन टक्के असतो. अडीच धरला तर हेक्टरी ११० किलो. यातला सगळा हवेतून आलेला नसतो, काही जमिनीतूनच उचललेला असतो, आणि पुढच्या पिकाला तो एकाच हंगामात सगळा मिळत नाही. नेमका आकडा हवा असेल तर पानांचा आणि खोडाचा वाळलेला नमुना प्रयोगशाळेत वेगवेगळा द्या. पानांत नत्र खोडापेक्षा बराच जास्त निघतो, हे स्वतःच्या नमुन्यावर पाहिलं की मगाचा पानं-खोडाचा आकडा आणखी पटतो.

खोडाच्या कठीणपणासाठी वेगळं यंत्र लागत नाही. धागा बांधलेली रोपं शेवटी कापताना खोड खालच्या तिसऱ्या हिश्शात वाकवून पाहा आणि तीन वर्ग करा: वाकतं, करकचून मोडतं, विळ्याशिवाय तुटत नाही. चारही पिकं एकाच माणसाने तपासावीत.

पाण्यात कोण टिकतं

भंडारा, गोंदिया, चंद्रपूरचा धानपट्टा, कोकणातली खाचरं, सांगली-कोल्हापूरकडच्या नदीकाठच्या क्षारपड जमिनी, अशा ठिकाणी ही चाचणी वाफ्यांपेक्षाही महत्त्वाची ठरेल. प्रत्येक पिकाच्या तीन बादल्या भरा, प्रत्येकीत चार रोपं वाढवा. विसाव्या दिवसापासून दहा दिवस मातीवर चार बोटं पाणी उभं ठेवा. ताग लवकरच पिवळा पडू लागेल, त्याला पाणी साचलेलं सोसत नाही. धैंचा आणि रोस्ट्राटाच्या बुडालेल्या खोडाला पांढरा, स्पंजासारखा थर येतो आणि पाण्यात नवी मुळं सुटतात. तो थर बोटांनी दाबून पाहा. त्यातल्या पोकळ्यांतून हवा खाली मुळांपर्यंत जाते. कितव्या दिवशी थर दिसला, किती पानं पिवळी पडली, पाणी काढल्यावर कोण पुन्हा उभं राहिलं, हे लिहा.

आकडे कसे वाचायचे

तीन वाफ्यांची सरासरी काढण्याआधी तीनही आकडे शेजारी मांडा. समजा धैंच्याचे १.८, २.३ आणि २.२ किलो आले आणि शेवरीचे १.९, २.०, २.२. सरासरी २.१ आणि २.०३. पण धैंच्याच्याच वाफ्यांत आपसात अर्ध्या किलोचा फरक आहे, मग दोन सरासऱ्यांमधल्या सत्तर ग्रॅमच्या फरकाला काय किंमत द्यायची? काहीच नाही, दोन्ही सारखे म्हणायचे. तेच तागाचे १.३, १.२, १.४ आले असते तर फरक खरा मानायला हरकत नाही, कारण त्याचा सर्वांत चांगला वाफाही धैंच्याच्या सर्वांत वाईट वाफ्याच्या खाली आहे. विद्यार्थ्यांनी पुढे जाऊन प्रचरण विश्लेषण (अॅनोव्हा), म्हणजे फरक खरा की योगायोगाचा हे तपासणारं गणित, करावं, संगणकातल्या साध्या तक्त्यातही ते होतं. शेतकऱ्याला हे आकडे शेजारी मांडून पाहणं पुरतं.

आणि सगळी लक्षणं मिसळून एकच 'गुण' काढू नका. भाताच्या खाचरात पाणी सोसणं आधी पाहायचं, मग वजन. उसाच्या लावणीआधी गाडायचं तर वजन आणि कोवळेपणा. शेळ्यांनाही पाला हवा असेल तर शेवरी पंचेचाळीस दिवसांत मागे पडली तरी बांधावर तिला जागा द्या, ती कापल्यावर पुन्हा फुटते. ही निवड जमीन आणि गरज ठरवते, वही फक्त दाखवते.

गाडल्यानंतरचा महिना

चिरलेला ओला पाला १०० ग्रॅम, नायलॉनच्या बारीक जाळीच्या पिशवीत भरून, वीतभर खोल पुरा. प्रत्येक पिकाच्या चार पिशव्या. दोन आठवड्यांनी दोन काढा, चार आठवड्यांनी उरलेल्या दोन. माती झटकून, वाळवून तोला. सुरुवातीचं कोरडं वजन तुम्हाला आधीच माहीत आहे. कोण किती विरघळलं हे समोर येतं आणि पुढचं पीक गाडणीनंतर किती दिवसांनी लावायचं ते ठरवता येतं.

वाफ्यांतली उरलेली झाडं शेंगा पिकण्याआधी कापून टाका. हे बी कठीण कवचाचं आहे, जमिनीत पडलं तर पुढच्या पिकात वर्षानुवर्षं तण म्हणून उगवत राहील. दक्षिण आफ्रिकेत याच वंशातली लाल फुलांची सेस्बानिया प्युनिसिया एकेकाळी नदीकाठ व्यापून बसली होती. पुढच्या वर्षासाठी बी हवं असेल तर प्रत्येक प्रजातीची दहा झाडं बांधावर वेगळी राखा, अंगठा फिरवून आणि फुलाच्या पाठीवरचे ठिपके पाहून खात्री करा, शेंगा तपकिरी होऊ लागल्या की तडकायच्या आत तोडा आणि डब्यावर प्रजातीचं पूर्ण नाव, पेरणीची तारीख आणि हजार दाण्यांचं वजन लिहा.